वडिलांच्या स्वादुपिंडातली गाठ: सीईए वाढलेलं, पण पेशी निरुपद्रवी. आता काय करायचं?

तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर तुम्हाला लगेच दिसेल. वडील ५६ वर्षांचे, साताऱ्याकडे शेती करतात. मधुमेह आहे, गोळ्यांवर आटोक्यात आहे. पोटाची काही तक्रार नाही. मूतखड्यासाठी सोनोग्राफी केली तेव्हा स्वादुपिंडाच्या शेपटाकडे गाठ दिसली, आणि सीटी स्कॅनमध्ये ती ४.२ सेंटिमीटरची निघाली. रक्तातलं सीए १९-९ (स्वादुपिंडाच्या कर्करोगात वाढू शकणारा एक घटक) आलं ९६. मग एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड (तोंडातून दुर्बीण घालून आतून केलेली सोनोग्राफी) करून सुईने नमुना घेतला. त्यात सीईए (काही प्रकारच्या अस्तरांतून द्रवात उतरणारं एक प्रथिन) ४३०, आणि पेशींच्या रिपोर्टमध्ये ‘स्क्वेमस पेशी, केराटिन, लिम्फोसाइट्स, कर्करोगाच्या पेशी नाहीत, लिम्फोएपिथेलियल सिस्ट असावी’ असं लिहिलंय. (स्क्वेमस म्हणजे कातडीसारख्या चपट्या पेशी, केराटिन म्हणजे कातडीच्या वरच्या थरातलं प्रथिन, लिम्फोसाइट्स म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी.) एक सर्जन म्हणाले, सीईए १९२च्या वर आहे, स्वादुपिंडाचं शेपूट आणि प्लीहा (पाणथरी) काढून टाकू. दुसरे म्हणाले, साधी गाठ आहे, विसरून जा. कोणाचं ऐकायचं, हा तुमचा प्रश्न.

मी पोटविकारतज्ज्ञ आहे आणि एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड हे माझं रोजचं काम आहे. मी तुमच्या वडिलांना तपासलेलं नाही, सीटीच्या फिल्म आणि स्लाइड पाहिलेल्या नाहीत. त्यामुळे मी निर्णय सांगू शकत नाही, विचार कसा करायचा ते सांगू शकतो. आणि माझ्या मते तुम्ही अजून ऑपरेशनच्या प्रश्नापर्यंत पोचलेलाच नाहीत. हातात दोन रिपोर्ट आहेत आणि ते परस्परविरोधी आहेत. सीईए म्हणतं, गाठ श्लेष्मा तयार करणारी, म्हणजे पुढेमागे बिघडू शकणारी आहे. पेशी म्हणतात, गाठ कायमची निरुपद्रवी आहे. यातला कुठला पुरावा वजनदार, हे आधी ठरायला हवं. दोन्ही सर्जन आपापल्या जागी विचार करूनच बोललेत; एकाने पहिला कागद धरला, दुसऱ्याने दुसरा.

स्वादुपिंडात पाण्याची गाठ दिसली की घरच्यांचं लक्ष आकाराकडे जातं. आमचं लक्ष असतं गाठीला आतून अस्तर कसलं आहे याकडे. स्वादुपिंडदाह होऊन गेल्यावर जो द्रव साठतो, त्याला अस्तरच नसतं, तो स्यूडोसिस्ट. वडिलांना पूर्वी कधी पोटात असह्य दुखून ॲडमिट करावं लागलं नसेल, दारूचा इतिहास नसेल, पित्ताशयात खडे नसतील, तर स्यूडोसिस्ट जवळजवळ बाद होते. सीरस सिस्टअडेनोमाचं अस्तर पातळ, पाण्यासारखा द्रव तयार करतं. ती बहुधा साठीच्या आसपासच्या बायकांत सापडते, आत बारीक बारीक असंख्य कप्पे असतात, कधी मधोमध चुना साठलेला व्रण दिसतो, आणि कर्करोगात तिचं रूपांतर होणं इतकं दुर्मीळ की आम्ही ते हिशेबात धरत नाही. श्लेष्मा तयार करणाऱ्या गाठी मात्र वेगळ्या. त्यांचे दोन प्रकार आहेत. म्युसिनस सिस्टिक निओप्लाझम ही जवळजवळ फक्त स्त्रियांमध्ये होते आणि बहुतेक वेळा शेपटाकडेच असते. आयपीएमएन ही स्वादुपिंडाच्या नळीशी जोडलेली असते आणि पुरुषांतही सर्रास आढळते. या दोन्ही हळूहळू कर्करोगाकडे जाऊ शकतात, म्हणूनच त्यांच्यासाठी एवढा खटाटोप.

वडील पुरुष आहेत, एवढ्या एका गोष्टीने म्युसिनस सिस्टिक निओप्लाझमची शक्यता फार खाली जाते. म्हणजे प्रश्न उरतो तो आयपीएमएन की लिम्फोएपिथेलियल सिस्ट, असा.

लिम्फोएपिथेलियल सिस्टचं नाव तुम्ही पहिल्यांदाच ऐकलं असणार, आणि त्यात नवल नाही. १९८५ साली जर्मनीतल्या डॉक्टरांनी तिचं पहिलं वर्णन केलं, आजचं नाव तिला १९८७मध्ये मिळालं. स्वादुपिंडाच्या सगळ्या सिस्टमध्ये तिचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास धरतात. ती मुख्यतः पुरुषांत, पन्नाशी-साठीत सापडते, बहुधा दुसऱ्याच कशासाठी केलेल्या स्कॅनमध्ये. गाठ स्वादुपिंडाच्या कडेला, बाहेर डोकावणारी असते. आतून तिला कातडीसारख्या चपट्या पेशींचं अस्तर असतं आणि त्याभोवती लसिका ऊतींचा थर. आपल्या त्वचेचा वरचा थर जसा झडतो तसंच हे अस्तर आत झडत राहतं, आणि ते केराटिन साठत जातं. स्वादुपिंडात असलं अस्तर येतं कुठून याबद्दल तर्क बरेच आहेत. उपचारांत त्याने फरक पडत नाही, म्हणून त्यात शिरत नाही. लाळग्रंथीत होणाऱ्या याच नावाच्या गाठींचा संबंध कधी एचआयव्हीशी असतो. इंटरनेटवर शोधताना ते वाचून घाबरला असाल, तर स्वादुपिंडातल्या या गाठीला तो संबंध लागू नाही.

आता सुईच्या टोकाला काय दिसतं ते सांगतो, कारण माझ्या निदानाचा मोठा भाग तिथेच ठरतो. गाठीत सुई घातली आणि सिरिंज ओढली की श्लेष्म्याच्या गाठीतून चिकट द्रव येतो. त्याचा एक थेंब मी अंगठा आणि तर्जनीमध्ये धरतो आणि बोटं हळूहळू लांब नेतो. द्रव श्लेष्मल असेल तर तार येते, ताणली जाते, क्षणभर टिकते आणि मग तुटते. पातळ द्रव असेल तर थेंब लगेच फुटतो. ही चाचणी फुकट आहे आणि तिथल्या तिथे होते. लिम्फोएपिथेलियल सिस्टमध्ये यातलं काहीच घडत नाही. सिरिंजमध्ये आधी काही येतच नाही, वाटतं सुई चुकली की काय. मग सुई बाहेर काढून तिच्या आतली धातूची तार ढकलली की टोकातून चक्क्यासारखा पांढरट-पिवळसर घट्ट माल काचेवर पडतो. तो पसरावा लागतो, आपोआप पसरत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात केंद्रक नसलेल्या चपट्या पेशी, केराटिनचे थर, लिम्फोसाइट्स आणि अनेकदा कोलेस्टेरॉलचे स्फटिक दिसतात. म्हणून तुमच्या डॉक्टरांना एक साधा प्रश्न विचारा: सुईतून आलं ते पाण्यासारखं होतं, तार येणारं होतं, की घट्ट होतं? प्रोसीजरच्या नोटमध्ये बहुधा लिहिलेलं असतं. नसलं तर करणाऱ्याला आठवत असेल, कारण असा माल वारंवार दिसत नाही.

आता त्या १९२ बद्दल. हा आकडा २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांनी एकत्र केलेल्या अभ्यासातून आला. गाठीतल्या द्रवात सीईए दर मिलिलिटरला १९२ नॅनोग्रॅमच्या वर असेल तर गाठ श्लेष्मल असण्याची शक्यता जास्त, असं त्यातून दिसलं. पण त्याच अभ्यासात या आकड्याची अचूकता ७९ टक्के होती. म्हणजे पाचातला एक निष्कर्ष चुकायचाच. शिवाय सीईए खूप वाढलंय म्हणजे कर्करोग जवळ आलाय असंही नसतं. आकडा फार तर अस्तराचा प्रकार सुचवतो. आणि लिम्फोएपिथेलियल सिस्टमधल्या चपट्या पेशींमुळेही सीईए वाढलेलं आढळतं, कधीकधी फारच. त्यातच नमुना घट्ट असेल तर प्रयोगशाळा तो पातळ करून तपासते, आणि मग त्या आकड्याला किती किंमत द्यायची हाही प्रश्नच. त्यामुळे ४३० वाचून मी सावध होईन, पण एवढ्यावरून सुरी उचला असं म्हणणार नाही.

सीए १९-९ ची गोष्ट त्याहून सैल आहे. ३७ पर्यंत नॉर्मल धरतात. कावीळ, पित्तनलिकेतला जंतुसंसर्ग, स्वादुपिंडदाह, यकृताचे आजार, बिघडलेली साखर, यातल्या कशानेही ते वाढतं. लिम्फोएपिथेलियल सिस्ट असलेल्या बऱ्याच रुग्णांत ते वाढलेलं सापडलंय आणि गाठ काढल्यावर खाली आल्याच्या नोंदी आहेत. ९६ हा आकडा या निरुपद्रवी गाठीशी सहज जुळतो. तरी तो दुर्लक्षून चालणार नाही. साखर नीट आटोक्यात असताना दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करून बघावा. तो तिथेच रेंगाळतोय की चढत चाललाय, हे एका आकड्यापेक्षा जास्त बोलकं असतं.

इथपर्यंत पुराव्याचं पारडं लिम्फोएपिथेलियल सिस्टकडे झुकतं. नीट पाहिलेली, नीट जुळणारी पेशीतपासणी ही माझ्या लेखी सीईएपेक्षा वजनदार आहे, कारण सीईए ही अस्तराची सावली आहे आणि पेशी म्हणजे खुद्द अस्तर. पण ‘नीट पाहिलेली’ या शब्दांवर सगळं उभं आहे.

स्क्वेमस पेशी नमुन्यात इतर वाटांनीही येऊ शकतात. दुर्बीण तोंडातून आणि अन्ननलिकेतून जाते, तिथल्या चार-दोन पेशी चिकटून आल्या तर तो पुरावा नव्हे. भरपूर केराटिन आणि सोबत लिम्फोसाइट्स असतील तर पुरावा. शेपटापर्यंत सुई जठराच्या भिंतीतून जाते, त्यामुळे जठराचा श्लेष्मा नमुन्यात येतो आणि रिपोर्टमध्ये ‘म्युसिन दिसतं’ असं लिहिलं जातं, आणि त्या एका शब्दावर कधीकधी ऑपरेशनं होतात. तिसरी शक्यता फार दुर्मीळ पण विसरू नये अशी: आतून सडून पोकळ झालेला स्क्वेमस प्रकारचा कर्करोग. त्यात पेशींची केंद्रकं विचित्र, मोठी, काळपट असतात, आणि अनुभवी पॅथॉलॉजिस्टला ते कळतं.

म्हणून माझी पहिली सूचना: स्लाइड आणि सेल ब्लॉक (मेणात जतन केलेला पेशींचा नमुना) घेऊन दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून पाहून घ्या, शक्यतो स्वादुपिंडाच्या केसेस नियमित बघणाऱ्याकडून. मूळ लॅबने त्या द्यायला हव्यात, त्यात कोणी अपमान मानत नाही. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमध्ये बाहेरच्या स्लाइडचं पुनरावलोकन नेहमी होतं, आणि मोठ्या शहरांतल्या इतरही संस्थांत होतं. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात निर्णायक अशी हीच पायरी आहे. तुमच्यासारख्या केसमध्ये हे न करता ऑपरेशनची तारीख घेऊ नये, असं मला कळकळीनं वाटतं.

दुसरी: एमआरआय आणि त्यासोबत एमआरसीपी, म्हणजे पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नळ्या दाखवणारी एमआरआयचीच तपासणी. तुम्ही पाठवलेल्या यादीत ती कुठे दिसली नाही. तिच्याकडून मला दोन उत्तरं हवी आहेत. एक, गाठ स्वादुपिंडाच्या नळीशी जोडलेली आहे का, आणि मुख्य नळी किती रुंद आहे. जोड दिसला किंवा मुख्य नळी ५ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद निघाली, तर पेशींचा रिपोर्ट काहीही असला तरी मी आयपीएमएनचा गंभीरपणे विचार करेन. दुसरं, आतला माल कसा दिसतो. साधं पाणी काही चित्रांत लखलखीत पांढरं दिसतं; केराटिन तितकं चमकत नाही आणि डिफ्यूजन नावाच्या एमआरआयच्या चित्रांत वेगळी खूण सोडतं. एमआरआयला पाठवताना चिठ्ठीवर ‘लिम्फोएपिथेलियल सिस्ट की आयपीएमएन?’ असं स्पष्ट लिहून घ्या. रेडिओलॉजिस्टला नेमका प्रश्न कळला की तो त्याच नजरेने बघतो. ‘सिस्ट इन टेल’ एवढंच लिहिलं तर रिपोर्टही तेवढाच येतो.

तिसरी गोष्ट कपाटात शोधायची आहे. मूतखड्याचा त्रास जुना असेल तर आधी कधीतरी सीटी झालेला असण्याची शक्यता बरीच आहे. पाच वर्षांपूर्वीच्या सीडीत हीच गाठ ४ सेंटिमीटरची सापडली, तर तिच्याइतका दिलासा कुठलीही नवी तपासणी देणार नाही. रिपोर्टमध्ये उल्लेख नसला तरी सीडी पुन्हा बघायला लावा. मूतखड्यासाठीच्या सीटीत स्वादुपिंडाकडे कुणाचं लक्ष असतंच असं नाही.

वडिलांना काही गोष्टी तुम्हीच विचारा. गेल्या वर्षभरात वजन उतरलंय का, साखर अचानक बिघडून औषधं वाढवावी लागली का, पाठीत रात्रीचं दुखतं का. मधुमेह अनेक वर्षांपासून स्थिर आहे, की नुकताच उसळलाय, यात फार फरक आहे. नवा किंवा अचानक बिघडलेला मधुमेह हा स्वादुपिंडाच्या बाबतीत धोक्याच्या खुणांमध्ये मोजतात.

याच जागी बसणाऱ्या आणखी दोन दुर्मीळ गाठींचा उल्लेख करतो, कारण पुनरावलोकनात त्यांची नावं येऊ शकतात. काही लोकांना छोटी जादा प्लीहा असते आणि ती कधी स्वादुपिंडाच्या शेपटात लपलेली असते. तिच्यात एपिडर्मॉइड सिस्ट तयार झाली तर तिचंही अस्तर चपट्या पेशींचं असतं, सीए १९-९ ही वाढतं. तीही निरुपद्रवीच आहे. ओळखायची खूण म्हणजे गाठीच्या भिंतीचा घन भाग सगळ्या चित्रांत प्लीहेसारखाच दिसतो. दुसरी हायडॅटिड. मेंढ्या आणि कुत्र्यांच्या सहवासातून होणारा हा जंतविकार आपल्याकडे यकृतात नेहमी दिसतो, स्वादुपिंडात क्वचित. घरी मेंढरं असतील तर सुई घालण्याआधी रक्ततपासणी करून ती शक्यता बाद करायची असते, कारण ती गाठ फुटली तर ॲलर्जीचा जीवघेणा झटका येऊ शकतो. तुमच्याकडे सुई घालून झाली आणि केराटिन मिळालं, त्यामुळे हा मुद्दा मागे पडलाय. हे वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिलं.

समजा, स्लाइड पुन्हा पाहून तेच निदान आलं, एमआरसीपीत नळीशी जोड नाही, मुख्य नळी नॉर्मल, गाठीच्या भिंतीवर कॉन्ट्रास्ट (स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात ते औषध) घेणारा मांसल उंचवटा नाही. अशा रुग्णाला त्रास नसेल तर मी ऑपरेशन सुचवत नाही. या गाठीसाठी सर्वमान्य वेळापत्रक नाही, म्हणून माझी पद्धत सांगतो: सहा महिन्यांनी एमआरआय, मग वर्षाने, आणखी एक-दोन वर्षं स्थिर राहिली तर अंतर वाढवायचं. ‘विसरून जा’ मला पटत नाही ते एवढ्यासाठीच. सुईच्या निदानात थोडी अनिश्चितता कायम उरते आणि ठरावीक काळाने पुन्हा बघणं हाच तिच्यावरचा उपाय. नुसता माल शोषून काढून गाठ बरी होत नाही, अस्तर आहे तोवर ती भरते. तेव्हा ‘पुन्हा सुई घालून रिकामी करू’ याला नाही म्हणा.

आणि समजा निदान पक्कं होत नाही. पुनरावलोकन करणारे म्हणाले नमुना अपुरा आहे, एमआरआयही धड इकडे ना तिकडे. मग पुन्हा एकदा नमुना घेता येतो. काही केंद्रांत द्रवातल्या केआरएएस आणि जीएनएएस या जनुकांतले बदल तपासतात. ते सापडले तर गाठ श्लेष्मल. न सापडले तर मात्र श्लेष्मल नाहीच असं छातीठोक सांगता येत नाही. एवढं करूनही शंका राहिली तर ४ सेंटिमीटरच्या वरची गाठ, ५६ वर्षांचं वय आणि चांगली प्रकृती असताना ऑपरेशन करून घेणं हा समंजस निर्णय ठरतो. नंतर पॅथॉलॉजीत ती निरुपद्रवी निघाली तरी ऑपरेशन फुकट गेलं असं मानू नका, आणि तुमच्या पहिल्या सर्जनना दोषही देऊ नका.

पण त्याची किंमत आधी समजून घ्या. शेपटाच्या ऑपरेशननंतर स्वादुपिंडाच्या कापलेल्या टोकातून रस झिरपणं ही नेहमीची अडचण आहे. अनुभवी हातांतही पाच-सहा रुग्णांमागे एकाला त्यामुळे रस बाहेर काढण्यासाठी पोटात घातलेली नळी जास्त दिवस ठेवावी लागते. वडिलांना मधुमेह आहेच. स्वादुपिंडाचा भाग गेल्यावर गोळ्यांवरून इन्सुलिनवर जावं लागण्याची शक्यता खरी आहे, आणि शेतावर एकटं काम करणाऱ्या माणसाच्या बाबतीत साखर अचानक उतरण्याचा विचार करावाच लागतो. सर्जनना तीन गोष्टी विचारा: गाठ बाहेर डोकावणारी असेल तर स्वादुपिंड न कापता नुसती गाठ सोडवून काढता येईल का? प्लीहा वाचवता येईल का? पोटावर मोठा छेद न घेता, छोट्या छिद्रांतून दुर्बिणीने होईल का? निरुपद्रवी गाठीसाठी प्लीहा घालवणं टाळता आलं तर टाळावं. ती जाण्याची शक्यता असेल तर न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी यांच्या लसी ऑपरेशनच्या निदान दोन आठवडे आधी द्यायच्या असतात. हे घाईत राहून जातं, म्हणून तुम्हीच आठवण करा. आणि वर्षभरात स्वादुपिंडाची मोजकीच ऑपरेशनं होतात अशा ठिकाणी हे करून घेऊ नका, मग त्यासाठी साताऱ्याहून पुण्या-मुंबईला जावं लागलं तरी चालेल.

काढ्याने किंवा पथ्याने गाठ विरघळते का, हेही तुम्ही विचारलंय. केराटिन विरघळवणारं कुठलंही खाणं-पिणं नाही. पथ्य मधुमेहाचंच पाळायचं, तंबाखू असेल तर ती मात्र बंद. काढ्यात काय आहे ते माहीत नसेल तर देऊ नका, कारण त्याने यकृताला सूज आली तर सीए १९-९ पुन्हा वर जाईल आणि सगळा गोंधळ नव्याने सुरू होईल.

या सगळ्याला तीन-चार आठवडे लागतील. पेशींच्या रिपोर्टमध्ये कर्करोग नसताना आणि त्रास नसताना तेवढं थांबायला हरकत नाही. मध्ये कावीळ दिसली, ताप येऊन डावीकडे वरच्या पोटात सतत दुखू लागलं, जेवण तुटलं किंवा वजन झपाट्याने उतरलं, तर मात्र या यादीची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. स्लाइडचा दुसरा रिपोर्ट आणि एमआरसीपी हातात आले की दोन्ही सर्जनना तेच कागद दाखवा, आणि जमत असेल तर सर्जन, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसतात अशा ठिकाणी केस मांडायला सांगा.